ग्लस्टरच्या साठ्याचा बॅकअप: स्नॅपशॉट घ्यायचा, उचलायचा, दुसऱ्या गावी ठेवायचा

समजा, बेळगावात शहापूरला एक छापखाना आहे. दोन मशीनमध्ये प्रत्येकी दोन टीबीची डिस्क आणि तिसरं जुनं मशीन निव्वळ साक्षीदार म्हणून, म्हणजे आर्बिटर. तिघांवर मिळून ग्लस्टरएफएसचा (अनेक मशीनच्या डिस्क जोडून एक साठा करणारं सॉफ्टवेअर) एक व्हॉल्यूम, म्हणजे सामायिक साठा, नाव ‘कागद’; प्रत्येक फाइल दोन्ही मशीनवर राहते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गणेश मंडळांची पावतीपुस्तकं, असं मराठी आणि कन्नड दोन्हीतलं काम त्यात पडलेलं. सगळं मिळून सहाशे जीबी. पुढचं सगळं याच उदाहरणावर आहे. तुमची पतसंस्था असो, उद्यमबागेतली फौंड्री असो की निपाणीतला फोटो स्टुडिओ, आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

फाइल दोन मशीनवर आहे म्हणजे बॅकअप झाला, असं बरेच जण धरून चालतात. दुसरी प्रत डिस्क मेल्यावर कामाला येते, एवढंच. कोणी चुकून फोल्डर उडवलं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी उडतं. रॅन्समवेअरनं फाइलींना कुलूप घातलं तर ग्लस्टर ते कुलूपही इमानदारीनं दोन्हीकडं पोचवतो.

स्नॅपशॉटही बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवरच्या त्याच जागेत राहतो. डिस्क गेली की मूळ डेटा आणि त्याचे सगळे स्नॅपशॉट (आपण सात ठेवणार आहोत) बरोबरच जातात. स्नॅपशॉटचं खरं काम वेगळं आहे. चालू कामातला एक क्षण तो गोठवून देतो आणि त्या गोठलेल्या क्षणातून तुम्हाला निवांतपणे प्रत उचलता येते. ती प्रत दुसऱ्या मशीनवर, शक्यतो दुसऱ्या गावी पोचली की मगच बॅकअप झाला म्हणायचं.

आज्ञा इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांतच टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथं ‘कॅपिटल’ असं लिहिलं आहे.

आधी थिन पूल

ग्लस्टर स्वतः स्नॅपशॉट घेत नाही. तो प्रत्येक मशीनवरच्या एलव्हीएमला (लिनक्समधली डिस्कची जागा वाटणारी व्यवस्था) सांगतो आणि एलव्हीएम घेतं. त्यामुळं प्रत्येक ब्रिक (एका मशीननं साठ्यात दिलेला भाग) स्वतंत्र थिन लॉजिकल व्हॉल्यूमवर (थिन एलव्ही), म्हणजे सामायिक पूलमधून लागेल तशी जागा घेणाऱ्या विभागावर असलीच पाहिजे, आणि त्या व्हॉल्यूमवर ब्रिकशिवाय दुसरं काही नको. साध्या लॉजिकल व्हॉल्यूमवर किंवा थेट पार्टिशनवर ब्रिक ठेवली असेल, तर पहिल्याच स्नॅपशॉटला ‘फक्त थिन प्रोव्हिजन्ड एलव्हीवरच चालतं’ असा निरोप येऊन काम थांबतं.

पॅकेज लागतात ती अशी: ग्लस्टरएफएस-सर्व्हर, एलव्हीएम२, एक्सएफएसप्रॉग्ज, आणि उबुंटू-डेबियनवर थिन-प्रोव्हिजनिंग-टूल्स. शेवटचं बरेच जण विसरतात. त्याच्याशिवाय पूल तपासता येत नाही आणि बिघडला तर दुरुस्तही करता येत नाही.

दोन टीबीची डिस्क एलव्हीएमला सुमारे १८६२ जीबी दिसते, कारण डिस्कवाले हजारानं मोजतात आणि एलव्हीएम १०२४ नं. यातली सगळी जागा पूलला देऊन टाकू नका. वाटणी अशी:

१. ‘पीव्हीक्रिएट /डेव्ह/एसडीबी’, मग ‘व्हीजीक्रिएट ब्रिकगट /डेव्ह/एसडीबी’. डिस्कचं नाव आधी ‘एलएसबीएलके’ मारून खात्री करून घ्या. एसडीए आणि एसडीबी यांत गल्लत झाली तर लेखाचा पुढचा भाग वाचायची गरज उरणार नाही.

२. पूल: ‘एलव्हीक्रिएट -कॅपिटल एल १४००जी --पूलमेटाडेटासाइज ४जी -सी २५६के -कॅपिटल टी ब्रिकगट/पूल’. यातला २५६ केबी हा चंकचा, म्हणजे पूल ज्या तुकड्यांनी जागा वाटतो त्या तुकड्याचा आकार. तो नंतर बदलता येत नाही.

३. ब्रिकचा व्हॉल्यूम: ‘एलव्हीक्रिएट -कॅपिटल व्ही ११००जी -कॅपिटल टी ब्रिकगट/पूल -एन ब्रिक१’.

४. ‘एमकेएफएस.एक्सएफएस -आय साइज=५१२’ नं फॉरमॅट करा, ‘नोएटाइम’ लावून /ब्रिक्स/बी१ वर माउंट करा (म्हणजे त्या फोल्डरला जोडा) आणि एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना काय माउंट करायचं त्याची यादी) नोंद घाला.

५. ब्रिक म्हणून माउंटची जागा न देता तिच्या आतलं फोल्डर द्या: /ब्रिक्स/बी१/ब्रिक. मशीन चालू होताना डिस्क माउंट झाली नाही तर हे फोल्डरच दिसत नाही आणि ब्रिक सुरू होत नाही. थेट माउंटची जागा दिली असती, तर डेटा गुपचूप रूटच्या डिस्कवर जाऊन पडण्याची वाट मोकळी राहिली असती.

हिशेब बघा. पूल १४००, मेटाडेटा (कोणता चंक कुठं आहे याची नोंद) ४, आणि दुरुस्तीसाठी एलव्हीएम स्वतःहून बाजूला ठेवतं ते आणखी ४, मिळून १४०८. शिल्लक ४५४ जीबी. ही शिल्लक कशाला, ते पुढं येतं.

आर्बिटरची ब्रिकसुद्धा थिन हवी. ‘तिथं डेटाच नाही, रूटवरच एक फोल्डर करून देऊ’ असं करणाऱ्यांचा स्नॅपशॉट हमखास अडतो, कारण ग्लस्टर तिन्ही ब्रिक तपासतो. आर्बिटरला जागा मात्र थोडी पुरते. दर फाइलमागं चार केबी धरा. दहा लाख फाइलींना चार जीबी झाले, वीस जीबीची ब्रिक दिली की निवांत.

व्हॉल्यूम आधीच साध्या एलव्हीवर उभा असेल तर पाडून पुन्हा बांधायची गरज नाही. पहिल्या मशीनला नवी डिस्क लावा, वरीलप्रमाणे थिन ब्रिक तयार करा आणि ‘ग्लस्टर व्हॉल्यूम रिप्लेस-ब्रिक कागद’ पुढं जुनी ब्रिक, नवी ब्रिक आणि ‘कमिट फोर्स’ द्या. मग ‘ग्लस्टर व्हॉल्यूम हील कागद इन्फो’ (दोन्ही प्रतींत जुळवायच्या बाकी फाइलींचा आकडा) सगळीकडं शून्य दाखवेपर्यंत थांबा. सहाशे जीबीला एक रात्र सहज जाते, फाइली बारीक असतील तर जास्तही. शून्य झाल्यावरच दुसऱ्या मशीनला हात लावायचा. घाई करून दोन्ही एकदम बदलल्या तर भरून काढायला चांगली प्रतच उरत नाही.

पूल भरला की काय होतं

या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत मोठा धोका हाच आहे, म्हणून इथं जरा थांबूया.

स्नॅपशॉट घेतला त्या क्षणी तो जागा खात नाही. त्यानंतर मूळ फाइलींत बदल झाला की जुना चंक स्नॅपशॉटसाठी जपला जातो आणि नवीन चंक वेगळा लागतो. चंक २५६ केबीचा. फाइलीत चार केबी बदलले तरी पूलमधून २५६ केबी जातात, म्हणजे चौसष्टपट. मोठी कोरलड्रॉची फाइल पूर्ण नव्यानं सेव्ह होते, तिथं हा फरक जाणवत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा किंवा एखादा डेटाबेस दिवसभर जागोजागी बारीक बारीक लिहीत असतो, तिथं पूल डोळ्यांदेखत चढतो. ‘दिवसाला दोनच जीबी बदलतात’ या अंदाजावर म्हणूनच विसंबू नये.

पूल शंभर टक्के भरला तर एलव्हीएम लिहिणं साठ सेकंद अडवून धरतं आणि मग एरर द्यायला लागतं. एक्सएफएस ते सहन करत नाही, फाइल सिस्टिम बंद पडते. आणि इथं दुसरी प्रत वाचवायला येत नाही: दोन्ही मशीनवर तोच डेटा, तेच स्नॅपशॉट, म्हणून दोन्ही पूल जवळजवळ एकाच वेळी भरतात. मेटाडेटा भरला तर अजून वाईट, मग ‘एलव्हीकन्व्हर्ट --रिपेअर’ पर्यंत जावं लागतं.

तीन गोष्टी आधीच करून ठेवा. /ईटीसी/एलव्हीएम/एलव्हीएम.कॉन्फ मध्ये ‘थिन_पूल_ऑटोएक्स्टेंड_थ्रेशोल्ड’ ७० करा आणि ‘थिन_पूल_ऑटोएक्स्टेंड_पर्सेंट’ २०. थ्रेशोल्ड मुळात १०० असतो, म्हणजे आपोआप वाढवणं बंद. आता पूल ७० टक्क्यांवर गेला की २० टक्के वाढेल: १४०० चे १६८०. त्या २८० जीबीसाठी ४५४ ची शिल्लक ठेवली होती. पण दुसऱ्या वेळी ३३६ जीबी लागतील आणि शिल्लक असेल १७४, म्हणजे दुसरी वाढ होणार नाही. पहिली वाढ ही धोक्याची घंटाच समजा.

दुसरं म्हणजे ‘एलव्हीएस -ओ एलव्ही_नेम,डेटा_पर्सेंट,मेटाडेटा_पर्सेंट’ याचा निकाल रोज सकाळी कोणाच्या तरी मोबाइलवर गेला पाहिजे. कोणाच्या, ते ठरवून. तिसरं, ‘एफएसट्रिम’ आठवड्यातून एकदा चालू ठेवा. फाइल पुसली तरी ती जागा पूलला तोपर्यंत परत मिळत नाही.

तरीही पूल ९० वर गेलाच तर नवा माणूस काय करतो? जुन्या फाइली पुसतो. त्यानं काही सुटत नाही, कारण त्याच फाइली स्नॅपशॉटनं धरून ठेवलेल्या असतात. पुसायचा तो सर्वांत जुना स्नॅपशॉट: ‘ग्लस्टर स्नॅपशॉट डिलीट’ आणि त्याचं नाव. जागा तिथंच मोकळी होते.

लग्नसराईत आणि मार्चअखेरीनंतर अहवालांची गर्दी होते तेव्हा रोजची उलाढाल वाढते. त्याआधी पूलची टक्केवारी एकदा डोळ्यांखालून घाला आणि गरज वाटली तर सातऐवजी चारच स्नॅपशॉट ठेवा.

पहिला स्नॅपशॉट हातानं

स्क्रिप्टच्या नादी लागण्याआधी एकदा हातानं सगळं करून बघा.

‘ग्लस्टर व्हॉल्यूम स्टेटस कागद’ मध्ये तिन्ही ब्रिकसमोर ‘वाय’ दिसला पाहिजे. हील इन्फो शून्य हवं. जुळणी बाकी असताना घेतलेल्या स्नॅपशॉटमध्ये एका ब्रिकवर अर्धवट प्रत गोठून बसते. रिबॅलन्स (ब्रिकांमध्ये फाइलींची फेरवाटणी) चालू असेल तर ग्लस्टर नकार देतो. जिओ-रेप्लिकेशन (दुसऱ्या ठिकाणच्या व्हॉल्यूमवर आपोआप प्रत पाठवणं) चालू असेल तर ते आधी थांबवायला लागतं.

मग: ‘ग्लस्टर स्नॅपशॉट क्रिएट रोज-२०२५-०६-१४ कागद नो-टाइमस्टॅम्प’.

‘नो-टाइमस्टॅम्प’ का? ते दिलं नाही तर ग्लस्टर नावापुढं स्वतःची वेळ चिकटवतो, आणि ती ग्रीनिच वेळ असते. आपण साडेपाच तास पुढं. रात्री दोनला घेतलेल्या स्नॅपशॉटच्या नावात आदल्या दिवशीचे साडेआठ दिसतात. घाईच्या वेळी ‘चौदा तारखेचा कुठं गेला?’ म्हणून शोधत बसावं लागतं. तारीख आपणच घालावी.

आज्ञा दिल्यावर काही क्षण ग्लस्टर सगळ्या ब्रिकवरच्या लेखनाची पोचपावती अडवून धरतो. सगळीकडं एकच क्षण पकडला जावा म्हणून. वापरणाऱ्याला फार तर एखादी सेव्ह रेंगाळल्यासारखी वाटते. मात्र पकडला जातो तो क्षण लाइट अचानक गेल्यासारखा असतो. सेव्ह होत असलेली फाइल अर्धी असू शकते. डेटाबेस असेल तर आधी त्याचा डंप (सगळा डेटा उतरवलेली फाइल) काढून तो व्हॉल्यूमवर ठेवा. टॅली असेल तर तिचा स्वतःचा बॅकअप आधी घ्या, मग स्नॅपशॉट.

नवा स्नॅपशॉट झोपलेला असतो, त्याला उठवावं लागतं: ‘ग्लस्टर स्नॅपशॉट अ‍ॅक्टिव्हेट’ आणि नाव. मग माउंट (नोड१ म्हणजे पहिलं मशीन): ‘माउंट -टी ग्लस्टरएफएस नोड१:/स्नॅप्स/रोज-२०२५-०६-१४/कागद /एमएनटी/गोठण’. हा माउंट फक्त वाचण्यापुरता असतो, म्हणून बिनधास्त आत फिरा.

माउंट लटकला तर नव्वद टक्के वेळा दोष फायरवॉलचा निघतो. उठवलेल्या स्नॅपशॉटच्या प्रत्येक ब्रिकसाठी वेगळा प्रोसेस चालतो आणि त्याला वेगळा पोर्ट लागतो. उभारणी करणाऱ्यानं २४००७ आणि ब्रिकपुरते एकदोन पोर्ट उघडलेले असतात. आपल्या आतल्या नेटवर्कसाठी ४९१५२ ते ६०९९९ हा पट्टा उघडा. सगळे स्नॅपशॉट कायम उठवून ठेवू नका, त्याचंही कारण हेच. सात स्नॅपशॉट म्हणजे प्रत्येक मशीनवर सात जादा प्रोसेस आणि तेवढी मेमरी.

उचलून निपाणीला

प्रत नेहमी या माउंटवरून उचला. /ब्रिक्स/बी१ मधून थेट उचलणं वेगवान दिसतं आणि मोह होतो. पण तिथं ‘.ग्लस्टरएफएस’ नावाचं लपलेलं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक फाइलीची हार्डलिंक. साध्या कॉपीत साठा दुप्पट होतो आणि परत आणताना गोंधळ तो वेगळाच.

साधन म्हणून आरसिंक चालतं, पण नवीन माणसानं रेस्टिक घ्यावं. एन्क्रिप्शन, बदललेला भागच पाठवणं आणि जुन्या आवृत्त्या सांभाळणं हे सगळं त्यात आलंच. दुसऱ्या बाजूला, समजा निपाणीतल्या शाखेत किंवा नातेवाइकाच्या दुकानात, चार टीबीची डिस्क लावलेलं एक साधं मशीन आणि त्यावर रेस्ट-सर्व्हर (रेस्टिकच्या प्रती स्वीकारणारा सर्व्हर) ‘--अपेंड-ओन्ली’ लावून. असं केलं की बेळगावातलं मशीन नवी प्रत घालू शकतं, जुनी पुसू शकत नाही. रॅन्समवेअर बेळगावात शिरलं तरी निपाणीतल्या जुन्या प्रतींना हात लागत नाही. जुन्या प्रती छाटायचं काम निपाणीच्या मशीनवरूनच करायचं: ‘रेस्टिक फरगेट --कीप-डेली ७ --कीप-वीकली ५ --कीप-मंथली १२ --प्रून’.

वेळेचा हिशेब आधी करा. अपलोड ४० एमबीपीएस असेल तर सेकंदाला ५ एमबी, तासाला १८ जीबी. सहाशे जीबीला तेहतीस तासांच्या वर, तेही लाइन न तुटता. म्हणून पहिली प्रत यूएसबी डिस्कवर इथंच काढा आणि डिस्क निपाणीला न्या. साधारण ७५ किलोमीटर, दीड-दोन तासांचं काम. रेस्टिकची रिपॉझिटरी म्हणजे एक फोल्डरच असतं, तिथं कॉपी केलं की झालं. नंतर रोजचे बारा जीबी चाळीस मिनिटांत जातात.

दर आठवड्याला डिस्क ने-आण करण्यावरच भिस्त ठेवणार असाल तर पावसाळा ध्यानात घ्या. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ काही दिवस बंदच होता आणि आपल्या जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं होतं. दुसऱ्या गावचं मशीन तळमजल्यावर जमिनीला टेकवून ठेवू नका. वळवाच्या दिवसांत दोन्हीकडं यूपीएस हवाच.

एक बारीक गोष्ट: स्नॅपशॉट कोणताही असो, माउंट नेहमी त्याच जागी करा, /एमएनटी/गोठण. रेस्टिक आधीची प्रत मशीनच्या नावावरून आणि पाथवरून ओळखतं. पाथमध्ये रोज तारीख बदलली तर त्याला रोज सगळं नवीन वाटतं आणि सहाशे जीबी पुन्हा वाचत बसतं.

रोजचं स्क्रिप्ट

ग्लस्टरबरोबर स्नॅप_शेड्युलर येतं, पण त्याला सामायिक साठा आणि प्रत्येक नोडवर मांडणी लागते, आणि जुने स्नॅपशॉट ते पुसत नाही. तीन मशीनला नोड१ वर एक क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) पुरे. क्रम असा: ब्रिक चालू आणि हील शून्य आहे का बघणं, डंप, क्रिएट, अ‍ॅक्टिव्हेट, माउंट, रेस्टिक बॅकअप, अनमाउंट, डीअ‍ॅक्टिव्हेट, आणि सर्वांत शेवटी सातच्या वरचा सर्वांत जुना पुसणं. पुसणं शेवटी, आणि बॅकअप यशस्वी झाला तरच.

अडतं ते इथं. डिलीट आणि डीअ‍ॅक्टिव्हेट ‘खात्री आहे का?’ असं विचारतात. रात्री दोनला उत्तर द्यायला कोणी नसतं, म्हणून ‘ग्लस्टर --मोड=स्क्रिप्ट’ असं लिहा. क्रॉनच्या ओळीतच तारीख काढली तर टक्क्याचं चिन्ह क्रॉन वेगळ्या अर्थानं घेतो आणि आज्ञा मध्येच तुटते. तारीख स्क्रिप्टच्या फाइलीत काढा. कालचं काम अजून चालू असताना आजचं सुरू होऊ नये म्हणून ‘एफलॉक’ लावा. आणि रेस्टिक बाहेर पडताना ३ हा आकडा देत असेल तर प्रत झाली, पण काही फाइली वाचता आल्या नाहीत, असा अर्थ. त्याला यश समजू नका.

ग्लस्टर एका व्हॉल्यूमचे २५६ पर्यंत स्नॅपशॉट ठेवू देतो. ती मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे. सात पुष्कळ. वाढले की प्रत्येक लेखनावरचा बोजाही वाढतो. मर्यादेच्या ९० टक्क्यांवर जुने आपोआप पुसण्याची सोय आहे, ती मुळात बंद असते. बंदच राहू द्या, काय पुसायचं ते तुमच्या स्क्रिप्टला ठरवू द्या.

व्हॉल्यूमचा नकाशाही जपायला हवा. तिन्ही मशीनवरचं /व्हार/लिब/ग्लस्टरडी आणि /ईटीसी/एलव्हीएम रोजच्या प्रतीत घ्या. फार जागा लागत नाही.

मराठी-कन्नड नावांचं आणि फॉन्टचं

लिनक्सवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरी आणि कन्नडचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटी सगळे वेगळे धरून. ‘खानापूर’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा, पण त्यात ख, काना, न, काना, प, ऊकार, र अशी सात चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. पूर्ण नावाला ८५ चिन्हं मिळतात. ‘वार्षिक अहवाल अंतिम दुरुस्त सभासद प्रत’ इथपर्यंत चालतं. पण दुसऱ्या बाजूला इक्रिप्टएफएसवरचं एन्क्रिप्टेड फोल्डर असेल, काही नासमध्ये (नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीत) असतं, तर तिथली मर्यादा १४३ बाइट, म्हणजे ४७ चिन्हं. आरसिंक तिथं ‘नाव फार लांब’ म्हणून ती फाइल सोडून पुढं जातो. ओळ लॉगमध्ये असते, पण लॉग वाचतो कोण? रेस्टिकमध्ये नावं आतल्या आत राहतात, हा प्रश्न येत नाही.

जुन्या फाइली श्रीलिपी, नुडी अशा युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर फॉन्टच्या फाइलीही व्हॉल्यूमवर ठेवा. पंधरा वर्षांपूर्वीचा अहवाल बिनचूक परत आला आणि उघडल्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर बॅकअपचा काय उपयोग?

परत आणणं

एक-दोन फाइली हव्या असतील तर स्नॅपशॉट उठवा, माउंट करा, कॉपी करा. बस. लोकांनी स्वतःच आणाव्यात असं वाटत असेल तर ‘ग्लस्टर व्हॉल्यूम सेट कागद फीचर्स.यूएसएस इनेबल’. मग कोणत्याही फोल्डरमध्ये ‘.स्नॅप्स’ असं टाइप करून आत जाता येतं. यादीत ते दिसत नाही, नाव ठाऊक असावं लागतं, आणि आत फक्त उठवलेले स्नॅपशॉट दिसतात. कालचा एक उठवून ठेवला तरी बहुतेक तक्रारी मिटतात.

सगळा व्हॉल्यूम मागं न्यायचा असेल तर आधी आताच्या बिघडलेल्या अवस्थेचाही एक स्नॅपशॉट घ्या. त्यातली एखादी सकाळची फाइल नंतर आठवतेच. मग सगळ्यांना फाइली बंद करायला सांगा, ‘ग्लस्टर व्हॉल्यूम स्टॉप कागद’, ‘ग्लस्टर स्नॅपशॉट रिस्टोर’ आणि नाव, ‘ग्लस्टर व्हॉल्यूम स्टार्ट कागद’. व्हॉल्यूम चालू असताना रिस्टोर होत नाही. ज्या स्नॅपशॉटवर गेलात तो यादीतून नाहीसा होतो, कारण तोच आता व्हॉल्यूम झाला. ब्रिकचा पाथही बदलून /रन/ग्लस्टर/स्नॅप्स खाली जातो. जुन्या पाथवर नजर ठेवणारी तुमची स्क्रिप्ट तिथंच फसतात, ती बदलून घ्या.

सरावासाठी रिस्टोर वापरू नका, क्लोन वापरा: ‘ग्लस्टर स्नॅपशॉट क्लोन तपास रोज-२०२५-०६-१४’. स्नॅपशॉट उठवलेला हवा. ‘तपास’ नावाचा वेगळा, लिहिता येणारा व्हॉल्यूम तयार होतो. तो स्टार्ट करा, माउंट करा, खेळा, मग स्टॉप करून पुसा.

निपाणीच्या प्रतीचा सराव वेगळा. महिन्यातून एकदा तिथून वीस फाइली परत आणा. पाच मोठ्या, पाच मराठी नावांच्या, पाच कन्नड, पाच दोन वर्षांपूर्वीच्या. ‘एसएचए२५६सम’ (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ठसा) जुळवा, आणि निदान चार उघडूनही बघा. त्याच दिवशी ‘रेस्टिक चेक --रीड-डेटा-सबसेट=५%’ चालवा, म्हणजे प्रतीचा वीसावा भाग प्रत्यक्ष वाचून तपासला जातो.

नव्यानं उभारणी करणार असाल तर एक माहिती हाताशी असू द्या. रेड हॅटनं आपलं ग्लस्टर स्टोरेज हे उत्पादन ३१ डिसेंबर २०२४ ला थांबवलं. मूळ ग्लस्टरएफएस मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि चालू व्हॉल्यूम त्यामुळं बंद पडत नाही. पण पाच-सहा मशीनचा विचार असेल तर सेफएफएस (अनेक मशीनवरच्या साठ्याचंच दुसरं सॉफ्टवेअर) बघावं. तिथं थिन पूलची भानगड नाही, फोल्डरच्या आतल्या ‘.स्नॅप’ मध्ये ‘एमकेडीआयआर’ नं नाव दिलं की स्नॅपशॉट झाला. मशीन मात्र जास्त दमदार लागतात. प्रत उचलून दुसऱ्या गावी न्यायचा भाग तिथंही जसाच्या तसा.

रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर प्रत उघडायला कोणताही मागचा दरवाजा नाही. तो फक्त नोड१ वर असेल तर नोड१ बरोबर जाईल. म्हणून एका कागदावर छापा: रिपॉझिटरीचा पत्ता, पासवर्ड, निपाणीच्या मशीनचा यूजर, व्हॉल्यूमचं आणि तिन्ही नोडचं नाव, रिस्टोरच्या चार आज्ञा. दोन प्रती, दोन पाकिटं. एक मालकाच्या घरी आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये. निपाणीच्या मशीनशेजारी मात्र ठेवायचं नाही.